पांढऱ्या गोळीच्या जागी

९ फेब्रुवारी

वन्सं,

नमस्कार करते. पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तुम्ही ते फोडलंत, तिथेच निम्मं काम झालं. कागद पाठकोरा आहे म्हणून नाक मुरडू नका. मागच्या बाजूला जुनं वीजबिल आहे, ते वाचू नका म्हणजे झालं.

चार वर्षं मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. तुमचे फोन आले ते उचलले नाहीत, आणि फोन आला होता हे तुमच्या भावाला सांगितलंही नाही. राग होता. खोटं कशाला बोलू, अजून आहे. पण बातमी अशी आहे की तुम्हाला कळवल्यावाचून मला चैन पडेना. तुमचा भाऊ पुन्हा हसायला लागला आहे.

तुम्ही यांच्या कंपनीला पत्र टाकलंत, माझ्या भावाला आकडी येते, त्याला लिफ्टच्या कामावर वर चढवू नका म्हणून. त्यानंतर यांना भांडारात बसवलं आणि डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ ती पांढरी गोळी लावली. आकडी थांबली हे मान्य. पण त्या गोळीने माणूस कसा करून ठेवला ते तुम्ही पाहिलं नाहीत, तुम्ही लांब. भिंतीसमोर खुर्ची टाकून बसायचे. काही विचारलं की उत्तर यायला इतका वेळ, की मी काय विचारलं ते मीच विसरायची. सासूबाई गेल्या त्या सकाळी हे बुटाची नाडी बांधत होते, अर्धा तास एकच नाडी. डोळ्यांतून टिपूस नाही. तुम्हाला वाटलं असेल दगड आहे. दगड नव्हते हो, गोळी होती.

आता बघाल तर ओळखणार नाही. दाढी करताना गातात. भांडारातल्या एकेका नटाला म्हणे यांनी नाव ठेवलंय, आणि सगळ्यात गंजलेल्याला साहेबांचं. मला लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ज्या नावाने हाक मारायचे त्या नावाने परवा हाक मारली. ते नाव तुम्हाला लिहिणार नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन देवापुढे डोकं टेकलं आणि तिथेच बसून राहिले.

कंपनीत जुन्या हातांची गरज पडलीय. डॉक्टरांनी दाखला दिला तर यांना परत लिफ्टवर घेतील असं साहेब म्हणाले. यांना तर आत्तापासूनच पंख फुटलेत. तुम्हाला आवडणार नाही, पण मला आनंद आहे. देवाने माझं ऐकलं एवढंच खरं.

तुमची वहिनी

२७ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं कार्ड मिळालं. चार वर्षांनी उत्तर आलं आणि त्यात एकच ओळ, ‘गोळ्या चालू आहेत ना?’ बाकी सगळं कोरं. कागद वाया घालवण्यात तुमचा हात कोणी धरणार नाही.

गोळ्यांची डबी दर रविवारी मी स्वतःच्या हाताने भरते. सात वारांचे सात कप्पे, प्रत्येकात सकाळची एक, संध्याकाळची एक. हे न विसरता घेतात. तुमच्या भावाला शिस्त आहे, ती सासूबाईंनी लावली की तुम्ही, यावर मी वाद घालणार नाही.

तब्येत उत्तम. पहाटे चारला उठतात. मागच्या आठवड्यात सगळ्या दारांच्या बिजागऱ्या काढून, पुसून, तेल घालून परत बसवल्या. मग पुन्हा काढल्या. मी म्हटलं अहो आता दारं झोपली की, तर हसून म्हणाले, ‘कान दे, अजून कुरकुरतायत.’ मला काही ऐकू आलं नाही. माझे कानही आता वयाचे झाले.

बोलणं फार वाढलंय. चार वर्षांचं साठलेलं असणार. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं, ऐकता ऐकता माझी कणीक मळून होते. कधी कधी मात्र तोंडाचा पट्टा भलतीकडे वळतो. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंना जिन्यात काहीतरी टाकून बोलले. बाई माझ्याकडे आल्या, म्हणाल्या तुमचे मिस्टर असे नव्हते. मी त्यांची समजूत घातली. रेडिओवरचा माणूस चुकीची वेळ सांगतो म्हणून रेडिओ खिडकीतून खाली टाकला, हेही सांगून टाकते, नाहीतर दुसऱ्या कुणाकडून कळेल. लगेच वाईट वाटलं त्यांना. खाली जाऊन तुकडे उचलून आणले आणि ते मांडीवर घेऊन रडले. बघा, रडता येतं आता.

डॉक्टरांकडे दहा मार्चला जायचं आहे.

तुमची वहिनी

१७ मार्च

वन्सं,

दाखला मिळाला.

मीही गेले होते सोबत. डॉक्टरांनी यांच्या गुडघ्यावर हातोडी मारली, डोळ्यांत उजेड टाकला, एका रेषेवरून चालायला लावलं. मग विचारलं, गोळ्या नियमित आहेत? हे म्हणाले, ‘चार वर्षांत एक चुकली नाही, हिला विचारा.’ डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. बाहेर आल्यावर यांनी रस्त्यात माझा हात धरला, भर गर्दीत. या वयात.

सोमवारपासून वर चढतात. नव्या बांधलेल्या कचेरीच्या इमारतीत तीन लिफ्टा बसतायत. मी हौसेने डबा दिला.

पण वन्सं, एक विचारायचं होतं. लहानपणी यांना आकडी यायची त्याच्या आधी काही व्हायचं का? तुम्ही वाढवलंत, तुम्हाला आठवत असेल. बुधवारी जेवताना हे थांबले आणि म्हणाले, काहीतरी जळतंय. शेगडी बंद होती. मी सगळं घर हुंगून आले. रबर जळाल्यासारखा वास येतोय म्हणाले, आणि मग म्हणाले, कसला वास? शुक्रवारी मोरीत नळ चालू ठेवून उभे होते. हात पाण्याखाली, पाणी बादलीवरून वाहतंय, आणि यांची नजर नळावर नाही, भिंतीवर नाही, कशावरच नाही. ओठ मात्र चघळल्यासारखे हलत होते. मी पंधरा आकडे मोजले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, पाणी का वाया घालवतेस?

विचारात असतील. कामाची जबाबदारी वाढली आहे.

समजा, हं, समजा एखाद्या घरात कुणी आजाऱ्याची गोळी कमी केली असेल, चांगल्या हेतूने, हळूहळू, माणूस सुधारलाय असं बघून. तर त्याला किती दिवस धोका असतो? तुमच्या शेजारी परिचारिका राहते ना. सहज विचारून ठेवा. कुणाचं म्हणून नाव घेऊ नका.

तुमची वहिनी

२३ मार्च

वन्सं,

तुमचं उत्तर आलं. एवढं लांब पत्र तुम्ही आयुष्यात कधी लिहिलं नसेल. त्यात तुम्ही ‘समजा’ हा शब्द एकदाही वापरला नाहीत. मीही आता वापरत नाही.

डबीत भरते ती गोळी हाडांची आहे. डॉक्टरांनी मला दिलेली कॅल्शियमची. तशीच पांढरी, तेवढीच, मधे तशीच चीर. त्यांची गोळी मी सप्टेंबरपासून सुरीने अर्धी केली; तेव्हा हे तळहातावर काय आहे तेही बघत नसत. एक नोव्हेंबरपासून पूर्ण बंद. त्यांना माहीत नाही. डॉक्टरांना माहीत नाही. मला आणि देवाला.

काटकसर म्हणून नाही केलं, तेवढी मी कोती नाही. औषधं तर मी आणतच राहिले, दर महिन्याला, न चुकता. काढून ठेवलेली प्रत्येक गोळी एका डब्यात आहे. औषध टाकून द्यायला माझा हात धजला नाही आणि त्यांना द्यायलाही धजला नाही, असं काहीतरी झालं माझं. मला माझा माणूस परत हवा होता. तुम्ही चार वर्षांपूर्वी त्यांचा जीव वाचवलात, मी ते कबूल करते, आज पहिल्यांदा करते. पण जे वाचलं ते मला घरात सांभाळायचं होतं. मी जिवंत माणसाशेजारी बसून चार वर्षं एकटीने जेवले.

आणखी एक. पहिल्या पत्रात मी लिहिलं की देवाने माझं ऐकलं. मी देवापुढे दोन चिठ्ठ्या ठेवल्या होत्या, एकीवर ‘चालू ठेव’, एकीवर ‘बंद कर’. दिवा लावला, डोळे मिटले, उचलली. ‘बंद कर’ निघाली हे खरं आहे. पण ती तिसऱ्यांदा निघाली. आधी दोनदा ‘चालू ठेव’ आली होती. मी म्हटलं, घडी नीट झाली नव्हती.

हे कुणालाही सांगितलेलं नाही.

उद्या दवाखान्यात जाते.

वहिनी

३० मार्च

वन्सं,

दवाखान्यात डॉक्टर रजेवर. तिथल्या परिचारिकेला सगळं सांगितलं. तुमच्या शेजारणीने सांगितलं तेच ती म्हणाली. गोळी बंद केली की काहींचं आधी मन फिरतं, माणूस फुलतो, चिडतो, रडतो, झोप उडते. तो वास आणि ते नळापाशी उभं राहणं म्हणजे छोटे झटकेच. मोठा कधीही येईल. ती म्हणाली, आजपासून उंचावर जाऊ देऊ नका, आणि गोळी मनाने सुरू करू नका, आधी त्यांना घेऊन या. मी विचारलं, येत नसतील तर? ती म्हणाली, बाई, सांगा तर आधी.

सव्वीस तारखेला सांगितलं. हे कामावरून आले, हातपाय धुतले. मी डबा समोर ठेवला आणि उघडला. म्हटलं, या तुमच्या गोळ्या. तुम्ही घेत होतात त्या माझ्या. मला वाटलं होतं हात उगारतील. मी तयारही होते. त्यांनी डबा टेबलावर पालथा केला आणि मोजायला लागले. तुमच्याकडचीच सवय, नुसतं बघून यांचं भागत नाही. दोनशे ब्याण्णव अख्ख्या, एकशे बावीस अर्ध्या. मोजून झाल्यावर हसले. असं हसू मी ऐकलेलं नव्हतं, त्यात गंमत नव्हती.

‘म्हणजे मी बरा झालोय,’ म्हणाले. ‘पाच महिने गोळी नाही आणि पडलो नाही. तू तर सिद्धच करून दिलंस.’

मी वासाचं सांगितलं, नळाचं सांगितलं. तर म्हणाले, खोटं बोलणाऱ्या बाईच्या डोळ्यांना जे दिसलं ते मी खरं मानू? मग त्यांनी गोळ्या परत डब्यात भरून, झाकण लावून, डबा माझ्या हातात दिला. अगदी शांतपणे. तो शांतपणा मला रेडिओ फेकण्याहून भयंकर वाटला.

दुसऱ्या दिवशी मी आणखी एक चूक केली. परिचारिकेने नको म्हटलं असतानाही एक गोळी कुस्करून चहात घातली. यांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. तेव्हापासून घरात चहा घेत नाहीत, डबा नेत नाहीत. बाहेर काय खातात देव जाणे. सकाळी निघताना दाराशी उभे राहून विचारतात, ‘आज कशात घातलंयस?’ हसत विचारतात. मग दुपारभर ते हसू माझ्या कानात.

काल साहेबांना भेटले. बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी म्हटलं, यांना वर चढवू नका, औषध बंद आहे. साहेबांनी कपाटातून एक फाईल काढली. तुमचं पत्र होतं, आणि त्याच्या खाली माझं. वन्सं, हे तुम्हाला माहीत नाही. तुमच्या पत्रानंतर मी कंपनीला लिहून दिलं होतं की यांना असला काही आजार नाही, घराच्या वाटणीवरून नणंदेने कुभांड रचलं आहे. खाली माझी सही, तारीख. साहेबांनी बोट ठेवून वाचून दाखवलं.

‘वहिनी, तेव्हा म्हणालात आजार नाही. आता म्हणता औषध नाही. मी डॉक्टरांचा दाखला मानायचा की तुम्हाला?’

डॉक्टर सहा एप्रिलला परत येणार, तेव्हा बघू म्हणाले. सहाला. मी दिवस मोजतेय. मोजणं एवढं एकच काम मला येतं आणि त्याचा काही उपयोग नाही.

तुमच्यावर कुभांडाचा आळ घेतला त्याची माफी आत्ता मागत नाही, तेवढं तोंड नाही. पण तुम्ही साहेबांना फोन करा. नंबर मागे लिहिला आहे.

वहिनी

४ एप्रिल

वन्सं,

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिते आहे. आधी हे वाचा: ते जिवंत आहेत. आता बाकीचं सावकाश वाचा.

तुम्ही फोन केलात ते कळलं. साहेब ‘बघतो’ म्हणाले, तेही कळलं. कुणी सहा तारखेच्या आधी हलणार नव्हतं. काल सकाळी हे निघाले तेव्हा दाराची कडी यांना सापडेना. कडीवर हात होता आणि सापडत नव्हती. मग सापडली. गेले. मी देवापुढे बसले, पण काही मागायला तोंड उघडेना. चिठ्ठ्या आठवल्या. उठले, चपला घातल्या आणि त्या इमारतीत गेले.

यांचे जोडीदार लंबूभाऊजी खाली होते. चार वर्षांपूर्वी वर काम करताना यांना आकडी आली तेव्हा यांचा पट्टा धरून ठेवणारे तेच. म्हणाले, वहिनी, तो वर आहे, आता बोलता येणार नाही. वर म्हणजे कुठे, तर लिफ्टच्या डब्याच्या टपावर. हे लोक पहिल्या मजल्याच्या दारातून टपावर उतरतात, त्यावर उभे राहून डबा इंच इंच वर नेतात आणि भिंतीचे रूळ तपासत जातात. नऊ मजले. डबा माझ्या समोरच होता, तळमजल्यावर, दार उघडं. आत कुणी माणूस असेल तर टपावरचं काम करायचं नाही, हा त्यांचा कडक नियम. यांनीच मला लग्नानंतर कधीतरी सांगितलेला. मी आत गेले आणि फरशीवर मांडी घालून बसले.

भाऊजींनी विनवलं. मी म्हटलं, भाऊजी, वीज बंद करा, मी इथून उठत नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि जाऊन वीज बंद केली. भला माणूस.

वरचं झाकण उघडलं. यांचं डोकं दिसलं, उलटं, मागे उजेड, चेहरा काळा. काय म्हणाले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. पंचवीस वर्षांत ते शब्द त्यांच्या तोंडी मी ऐकले नव्हते. जिने सात महिने नवऱ्याचं औषध लपवलं ती, असं म्हणाले. लोक गोळा झाले. मी मान खाली घालून बसून राहिले.

मग म्हणाले, ‘ऊठ तिथून.’ पुन्हा म्हणाले, ‘ऊठ.’ मग ‘ऊठ, ऊठ, ऊठ’, एकाच पट्टीत, आवाजातला राग निघून गेलेला. मग नुसताच ऊ. मी वर बघितलं तर झाकणात डोकं नव्हतं.

डोक्यावरच्या पत्र्यावर टाचा वाजायला लागल्या. वन्सं, तो आवाज तुम्ही लहानपणी लाकडी फळ्यांवर ऐकला असेल. मी पत्र्यावर ऐकला, माझ्या डोक्याच्या दीड हात वर, आणि हात पोचत नव्हता. भाऊजी जिन्याने धावले. त्यांनी सांगितलं, पट्टा अडकवलेला नव्हता आणि एक पाय टप आणि भिंत यांच्या मधल्या फटीत गेलेला होता. डबा हातभर जरी हलला असता, तर. पुढचं भाऊजींनी हाताने कापल्यासारखं करून दाखवलं.

खांद्याचं हाड मोडलं आहे, जीभ चावली गेली आहे. पाय शाबूत. आकडी थांबायला फार वेळ लागला, सुई द्यावी लागली. इथल्या डॉक्टरीणबाईंनी सगळा इतिहास विचारला. मी पहिल्या अर्ध्या गोळीपासून सांगितला, तारखांसकट. त्या लिहून घेत होत्या आणि हे डोळे मिटून पडले होते. झोपले नव्हते. पापण्या हलत होत्या.

गोळी नव्याने चालू झाली आहे, थोडी वेगळी. बाई म्हणाल्या की आधीची माणसाला फार जड करत होती तर ते तेव्हाच सांगायचं होतं, बदलता आली असती. एवढंच करायचं होतं, वन्सं. विचारायचं.

आज सकाळी परिचारिकेने गोळीची वाटी माझ्या हातात दिली आणि ती पुढच्या खाटेकडे गेली. मी यांच्या ओठांपाशी गोळी नेली. त्यांनी तोंड मिटून घेतलं. जोर करून नाही, लहान मूल करतं तसं. मी म्हटलं, हीच आहे, बाईंनी दिलीय, शपथ. त्यांनी भिंतीकडे मान वळवली. पाणी दिलं, तेही घेतलं नाही. परिचारिका परत आली, तिच्या हातून तीच गोळी घेतली, तेच पाणी प्यायले.

संध्याकाळीही तसंच झालं. ती म्हणाली, थकलेत. थकलेले नाहीत.

आठवड्याने घरी सोडतील. इथे परिचारिका आहे, घरी मी आहे. दिवसातून दोनदा, उरलेलं आयुष्य. एक चुकली तर काय होतं ते आता आम्हा दोघांनाही माहीत आहे, आणि तरी ते माझ्या हातून घेणार नाहीत. मी भरवलं तर उपाशी राहतील, मी गोळी दिली तर मरतील पण घेणार नाहीत.

तुम्ही या. मला भेटायला नको, माझ्याशी बोलूही नका हवं तर. पुढच्या खोलीत राहा, मी मागच्या खोलीत राहीन. त्यांच्या समोर पाकीट तुम्ही फोडा, गोळी तुम्ही द्या, पाणी तुम्ही द्या. स्वयंपाक मी करीन, पण त्यांना सांगू नका की मी केला.

वहिनी